गोळीबरोबर डबाही हवा

(अंबाडी, ता. भिवंडी इथे झालेल्या तरुणांच्या मेळाव्यातल्या भाषणाचं शब्दांकन)



सॉफ्टवेअर इंजिनिअर बोलायला उभा राहिला की आता हा कोणता कोर्स करावा ते सांगणार, असं सगळ्यांना वाटतं. तो विषय पुढच्या वेळी घेऊ. आज मी एका वेगळ्या नोकरीबद्दल बोलणार आहे. ती मिळवायला डिग्री पुरत नाही आणि मिळाली तरी टिकवायला घर, मोहल्ला, शेठ आणि डॉक्टर असे चौघे लागतात. ही नोकरी म्हणजे मानसिक आजार झालेल्या माणसाची नोकरी.

आधी आकडा सांगतो, म्हणजे हे दुसऱ्याच्या घरातलं आहे असा समज राहायला नको. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. तिच्यानुसार दर शंभर प्रौढांमागे साधारण दहा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखे गंभीर आजार हजारामागे आठ जणांना होते. हजार प्रौढांचं गाव म्हणजे आपल्याकडचं मध्यम गाव. त्यातल्या आठ जणांची नावं तुम्हाला आठवतात का? नसतील आठवत, तर ते आतल्या खोलीत आहेत, नाहीतर गाव सोडून गेलेत.

बाकी आजारांत आपण विचारतो, 'ताप उतरला का? शुगर किती आहे?' मानसिक आजारात शेजारी एकच प्रश्न विचारतात, 'कामाला जातो का?' माणूस बरा झाला की नाही, हे आपल्या समाजात डबा घेऊन बाहेर पडण्यावरून ठरतं. हे मोजमाप फार चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यात एक सत्य आहे. कामाला जायचं म्हटलं की वेळेवर झोपावं लागतं, वेळेवर उठावं लागतं, चार माणसांशी बोलावं लागतं. हातात स्वतःचे पैसे आले की घरात आवाज राहतो. आणि गोळी कशासाठी घ्यायची याला कारण मिळतं. नुसतं 'आयुष्यभर गोळ्या घे' म्हटलं तर कोण घेईल? 'गोळ्या घेतल्या तर सोमवारी कामावर जाता येईल' असं म्हटलं तर माणूस घेतो.

आपल्या घरांतला नियम उलटा आहे. आधी पूर्ण बरा हो, मग कामाचं बघू. डॉक्टर मंडळीही बरीच वर्षं असाच विचार करत. रुग्णाला आधी पिशव्या, पाकिटं, मेणबत्त्या करायला शिकवायचं आणि तो तयार झाला असं वाटलं की मग बाहेर पाठवायचं. होतं काय, की माणूस वर्षानुवर्षं मेणबत्त्याच करत बसतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी दुसरी पद्धत मांडली. ज्याला काम करायची इच्छा आहे त्याला त्याच्या आवडीचं खरं काम लवकर मिळवून द्यायचं आणि शिकवणं, सांभाळणं हे कामावर असतानाच करायचं. त्याला आणि मालकाला मदत करणारा एक माणूस मागे उभा ठेवायचा, तोही ठरावीक दिवसांपुरता नाही, गरज असेपर्यंत. त्यानंतर अनेक देशांत याची तुलना झाली. जुन्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने साधारण दुप्पट लोक नोकरीला लागले. पोहायला विहिरीतच शिकावं लागतं, काठावर हातपाय मारून पोहता येत नाही, हे आपल्या आजोबांना माहीत होतंच.

आता कायदा बघू. मोबाइलवर फॉरवर्ड होणाऱ्या अफवा आपल्याला पाठ असतात, पण आपल्या कामाचे कायदे माहीत नसतात.

१९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात मानसिक आजाराचा उल्लेख होता. पण सरकारी नोकरीतलं तीन टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण आणि हालचालीच्या अपंगत्वापुरतंच होतं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला तेव्हा आरक्षण चार टक्के झालं. त्यातल्या एका टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि एकाहून अधिक अपंगत्वं यांच्याबरोबर मानसिक आजारालाही जागा मिळाली. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते देताना डॉक्टर चार गोष्टी तपासतात: स्वतःची काळजी घेणं, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. आजार किती वर्षांचा आहे तेही बघतात. म्हणजे प्रमाणपत्र हा 'वेडा' असल्याचा शिक्का नाही. आजारामुळे रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो, त्याचं ते मोजमाप आहे.

याच कायद्यात असंही आहे की नोकरीत असताना कोणाला अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्याला मानसिक आजार होता आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू होती. १७ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ज्या वागण्यासाठी कारवाई होते आहे त्यामागे आजार हे एक कारण असेल, तरी अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असं न्यायालयाने म्हटलं. सरकारी नोकरीत असलेल्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

दुसरा कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्य सेवेचा. त्याने उपचार हा हक्क केला. रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली. विमा कंपन्यांना सांगितलं की शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच मानसिक आजाराला द्या. आणि माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की 'मी पुन्हा आजारी पडलो तर मला कसे उपचार द्या, कसे देऊ नका, माझ्या वतीने कोणी बोलायचं'. घरातल्या भांडणांपैकी निम्मी भांडणं हा एक कागद वाचवू शकतो.

पण हे कायदे भिवंडीच्या रस्त्याला लागले की पंक्चर होतात, हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. आपल्यातले किती जण सरकारी नोकरीत आहेत? आपण लूमवर आहोत, गोदामात आहोत, वाड्याच्या कारखान्यांत आहोत, रिक्षावर आहोत, घरी बसून धागे कापतो आहोत. गोदामात माणूस ठेकेदाराचा असतो. त्याला काढायला पत्रही लागत नाही, उद्यापासून येऊ नकोस एवढा फोन पुरतो.

माझ्या मावसभावाचं असंच झालं. त्याची परवानगी घेऊन सांगतो आहे, नाव मात्र घेणार नाही. एका मोठ्या गोदामात तो रात्रपाळीला स्कॅनिंग करायचा. एक आठवडा रात्र, एक आठवडा दिवस. आधी झोप गेली, मग जेवण गेलं. मग त्याला वाटायला लागलं की स्कॅनरच्या आवाजातून कोणीतरी त्याच्याशी बोलतंय. तिसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवलं आणि चौथ्या दिवशी फोन आला. नंतरचं दीड वर्ष तो घरात होता. उपचार चालू होते, सहा महिन्यांत बराच सावरला होता. पण कोणी विचारलं की आम्ही सांगायचो, 'दुबईचा व्हिसा यायचाय.' दीड वर्ष व्हिसा येत होता! शेवटी लोकांनी विचारणंच सोडलं.

त्याला परत उभं केलं ते एका छोट्या कारखानदाराने. लूमवर ठेवलं नाही, आणि ते बरोबरच होतं. काही गोळ्यांनी सकाळी अंग जड राहतं, अशा वेळी चालत्या यंत्राजवळ माणूस नको. त्याला कापडाची घडी आणि मोजणीचं काम दिलं. सकाळी दहा ते दोन, रात्रपाळी नाही. तिथल्या मेहताजींना आजार माहीत होता, बाकी कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. तीन गोष्टी एका कागदावर लिहिल्या. एक, महिन्यातून एकदा डॉक्टरकडे जायची सुट्टी. दोन, सलग दोन रात्री झोप लागली नाही तर त्याने मेहताजींना सांगायचं. तीन, तो पुन्हा आजारी पडला तर जागा दोन महिने राखून ठेवायची. मधे एकदा तो खरंच आजारी पडला. पाच आठवडे घरी होता. सहाव्या आठवड्यात त्याच टेबलावर परत आला. आज तो पूर्ण दिवस काम करतो. माझ्या मते या गोष्टीतला नायक तो तिसरा मुद्दा आहे. जागा राखून ठेवली होती.

कायद्याच्या भाषेत याला 'वाजवी सोयीसुविधा' म्हणतात. ऐकायला भारी वाटतं, पण बघा, त्यात खर्च काय आला? आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की त्याच्यावर कोणी ओरडत नाही, ताबीज बांधत नाही आणि लगेच भंगारातही देत नाही. लॉग उघडतो. कधी बंद पडला, त्याआधी काय झालं होतं, कोणता भार जास्त झाला, ते बघतो. मग तेवढा भार कमी करतो. माणूस यंत्र नाही, मान्य. पण जी सबुरी आपण यंत्राला देतो तेवढी तरी माणसाला द्यायला काय हरकत आहे?

मालकांची एक भीती असते, 'हा कोणाच्या अंगावर धावून आला तर?' मानसिक आजार असलेले बहुतेक लोक कोणालाही इजा करत नाहीत. उलट मार खाणारे, लुबाडले जाणारे तेच जास्त असतात. आणि दुसरी बाजूही सांगतो. 'त्याला कामावर ठेवलंय हेच उपकार' असं म्हणून अर्धी मजुरी देणारे शेठही भेटतील. पूर्ण काम घ्यायचं आणि अर्धे पैसे द्यायचे, याला मदत म्हणत नाहीत. तास कमी असतील तर पैसे कमी, हे ठीक. तासाचा दर मात्र सगळ्यांना सारखा.

आतापर्यंत मी पुरुषाची गोष्ट सांगितली, कारण पुरुषाचं काम सुटलं तर ते दिसतं. बाईचं काय? तिला आजार झाला तर घरकाम थांबत नाही, म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही. लग्न व्हायचं असेल तर आजार लपवतात. 'निकाह लावून द्या, बरी होईल' असं सांगणारे सल्लागार प्रत्येक गल्लीत आहेत. लग्न हे औषध नाही. सासरी गेल्यावर गोळ्या लपवाव्या लागतात, मग बंद होतात, मग आजार उसळतो आणि एक दिवस तिला माहेरच्या दारात आणून सोडतात. नाहीतर थेट ठाण्याला.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे काही माणसं बरी होऊनही वर्षानुवर्षं राहतात, कारण न्यायला कोणी येत नाही. पत्ता बदललेला असतो, फोन उचलला जात नाही. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. अशा स्त्रियांसाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०११ मध्ये 'तराशा' नावाचा प्रकल्प सुरू केला. रुग्णालयातून बाहेर पडलेल्या बाईला नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहात जागा, कामाचं प्रशिक्षण, नोकरी आणि मागे उभी राहणारी माणसं, असं त्याचं स्वरूप आहे. आधी राहायला जागा, मग पगार. नातेवाइकांनी नेलं नाही म्हणून आयुष्य संपत नाही, हे त्यातून दिसलं.

आपल्याकडे परप्रांतातून आलेले लूम कामगार आहेत. घर उत्तर प्रदेशात, बिहारात; इथे खोलीत आठ-दहा जण. असा माणूस भ्रमात एक दिवस उठून चालायला लागला तर त्याला थांबवणारं कोणी नसतं. डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था काढली ती अशाच रस्त्यावर भटकणाऱ्या माणसांसाठी. कर्जतला त्यांचं केंद्र आहे. उपचार करून, माणूस बोलता झाला की पत्ता शोधून त्याला गावी घरी पोचवतात. २०१८ मध्ये डॉ. भरत वटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाड्यांवरच्या आदिवासी कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे ठाण्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं भाडं. तृतीयपंथी माणसाला तर दवाखान्याच्या रांगेतच अडचण सुरू होते. आणि आपल्या मुलांना नावावरून मिळालेला नकार कमी असतो म्हणून की काय, त्यावर 'ही दोन वर्षं रिकामी का?' हा प्रश्न येतो. सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवून चालणार नाही.

आता थोडं नाजूक बोलतो. आपण दर्ग्यावर जातो. मीही जातो. तिथे आजारी माणसाला कोणी हाकलत नाही, हे मोठं आहे. पण ६ ऑगस्ट २००१ विसरता येत नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसपास खासगी 'मनोरुग्ण निवास' चालायचे. त्यातल्या एकाला पहाटे आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ लोक जळून गेले. ते पळू शकले नाहीत. श्रद्धेने त्यांना मारलं नाही. साखळी आणि धंद्याने मारलं. दुसरीकडे गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालू झाला. दर्ग्याचे मुजावरच आजारी माणसाला ओळखून तिथल्या डॉक्टरकडे पाठवतात. दुआ चालू, दवाही चालू. आणि आपला इतिहासही आठवा. कैरोत तेराव्या शतकात सुलतान कलावूनने बांधलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती. अबू झैद अल-बल्खी यांनी त्याच्याही चारशे वर्षं आधी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे डॉक्टरकडे जाणं ही काही बाहेरून आलेली फॅशन नाही.

रमजानबद्दलही बोलतो, कारण यात दरवर्षी माणसं अडचणीत येतात. बायपोलर आजारात लिथियम देतात. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं आणि ते विषारी ठरू शकतं. त्यात लूमच्या शेडमधला उकाडा. शिवाय सहरीसाठी झोप मोडते, आणि झोप मोडणं हे या आजाराचं मोठं निमित्त. रोजे धरायचे की नाही, गोळीची वेळ कशी बदलायची, हे रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरला विचारा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. आजाऱ्याला सवलत आहे, हे मौलवी साहेबांनी जुम्याच्या बयानात एकदा स्पष्ट सांगितलं तर किती घरांचं ओझं उतरेल.

तर करायचं काय? मी चार कामं सुचवतो. चारही आपल्या आवाक्यातली आहेत.

पहिलं, कागद. आपल्यातल्या पाच-सहा मुलांनी प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज, दिव्यांग ओळखपत्र आणि संजय गांधी निराधार योजना यांची माहिती पक्की करावी आणि महिन्यातून एक रविवार लोकांचे अर्ज भरून द्यावेत. मोबाइल सगळ्यांकडे आहे, अर्ज भरायचा धीर नाही.

दुसरं, सोबत. ठाण्याला किंवा भिवंडीला डॉक्टरकडे जाताना बरोबर एक माणूस. भाड्याची आणि बुडालेल्या मजुरीची सोय जमातीच्या बैतुलमालमधून किंवा जकातीतून करता येईल का, हे जमातीने बसून ठरवावं. आजारी माणूस मुसलमान नसेल तर वेगळी वर्गणी काढू, पण त्याला परत पाठवायचं नाही.

तिसरं, कामांची यादी. आपल्या ओळखीचे कारखानदार, दुकानदार, गोदामवाले यांच्याकडे दिवसपाळीचं, चालत्या यंत्रापासून दूरचं, चार तासांचं कोणतं काम आहे? घडी, मोजणी, पॅकिंग, हिशेब, डेटा भरणं. अशी दहा कामं सापडली तरी दहा घरांत उजेड पडेल. आणि माझ्या मावसभावासारखा तीन ओळींचा करार प्रत्येक ठिकाणी लिहायचा. कोणाला सांगायचं, कोणाला नाही, हे ठरवायचा हक्क आजारी माणसाचा.

चौथं, घरच्यांचा गट. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींच्या पुढाकारातून स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. २००४ चा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून आला. तिथे रुग्णांचे आई-बाप, भाऊ-बहिणी एकत्र बसतात आणि बोलतात. आपल्याकडे ते शाळेच्या एका वर्गात होऊ शकतं. चहा आणि चटई एवढाच खर्च. आणि रात्री-अपरात्री अडलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर सगळ्यांनी आत्ताच फोनमध्ये टाका. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे.

एक सावधगिरी. काम हे सगळ्यांना जमेलच असं नाही. काहींचा आजार इतका कठीण असतो की चार तासही होत नाहीत. त्यांना कमी लेखायचं नाही. माणसाची इज्जत पगारावर ठरत नाही. ज्याला काम करायचं आहे त्याला दार उघडं हवं आणि ज्याला जमत नाही त्याला जेवण, औषध आणि माणसांची सोबत हवी. दोन्ही हक्क आहेत.

बाहेर टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत ज्यांच्याकडे काम आहे त्यांनी कामाचं स्वरूप आणि फोन नंबर लिहावा. दुसरीत ज्यांना अर्ज भरायला शिकायचं आहे त्यांनी नाव लिहावं. आजारी माणसाचं नाव कोणत्याही वहीत लिहायचं नाही. ते नाव त्याने स्वतः, त्याला वाटेल तेव्हा, वाटेल त्या माणसाला सांगायचं आहे. पहिल्या वहीत आज एक ओळ आधीच भरलेली आहे. मेहताजी पाठीमागच्या रांगेत बसलेत, त्यांना अजून एक माणूस हवा आहे.